आधी पाण्याची मोटर

गुरुवार, २३ फेब्रुवारी १९७८

प्रिय कस्तुरा,

सप्रेम जय भीम.

आज कंपनीला सुट्टी आहे. दारात खाट टाकून लिहायला बसलोय. याआधी तुला दोन पत्रं पाठवली. दोन्हींत आईचा गुडघा, शेळीची करडं आणि माझा ओव्हरटाइम, याशिवाय काही नव्हतं. पोस्टाच्या पेटीत टाकतानाच मला ते कळत होतं. गेल्या दिवाळीत तुझ्या भिवाबाबांचं कार्ड आलं, ‘कस्तुरा बरी आहे, बालवाडीत शिकवते.’ तेवढ्या एका ओळीवर मी आजपर्यंत दिवस काढले. आज मात्र सांगण्यासारखं खरंच काही घडलंय आणि ते पहिल्यापासून, काही न गाळता सांगायचं ठरवलंय. गाळायची मला सवय आहे, हे तुझ्याएवढं कुणाला माहीत असणार!

गावात नळ आला. तू होतीस तेव्हा नुसती मोजणी चालली होती आणि तू म्हणाली होतीस, दोरी धरून माणसं हिंडतात, पाणी काही हिंडत नाही. आता शाळेच्या टेकाडावर टाकी उभी आहे. खाली इंद्रायणीच्या काठाला पंपघर बांधलंय, त्यात पंधरा हॉर्सपॉवरची मोटर. टाकीपासून सहा नळ काढलेत. पाच गावात आणि सहावा रस्त्याच्या अलीकडं, आपल्या वस्तीत, विहाराच्या भिंतीला लागून. सहाव्या नळासाठी भिमाजीकाका दोन वर्षं पंचायतीच्या पायऱ्या चढत होते. पाइप अंथरायला शेवटी वस्तीतलीच माणसं उतरली. मीसुद्धा तीन गुरुवार चर खणला.

सव्वीस जानेवारीला उद्घाटन होतं. पंचायत समितीचे सभापती आले. नारळ, हार, शाळेच्या मुलांचं गाणं, सगळं झालं. लाईट दहाला यायची ती सव्वादहाला आली. सभापतींनी बटण दाबलं. मोटर गुरगुरली, स्टार्टरमधून खट्ट असा आवाज आला आणि सगळं गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा खट्ट. तिसऱ्या वेळी त्यांनी नुसता हात लावला आणि हसून म्हणाले की नवी सून आहे, लाजतेय. चहा घेऊन ते गेले. वस्तीतल्या बाया घासलेले हंडे घेऊन नळापाशी रांगेत बसल्या होत्या, त्या ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहिल्या. पुढचं ऐक. बारा वाजता कोंडीराम, म्हणजे आपला शाळेचा शिपाई, पंपघराला कुलूप लावायला गेला. त्यानं सहज बटण दाबलं, तर मोटर चालू! पण तोवर लाईट जायची वेळ झाली होती. टाकीच्या तळाला वीतभर पाणी चढलं, तेवढंच.

त्या दिवसापासून रोज हेच. लाईट आली की मोटर चालायची नाही. दहा वेळा दाबा, खट्ट करून पडायची. मग तास-दीड तासानं, तिची मर्जी असली तर, काही झालंच नाही अशी चालायची. जी वस्तू कधीच चालत नाही तिचा दोष सापडतो. जी कधी चालते आणि कधी नाही, ती माणसाला वेड लावते. कुणी म्हणालं काठावरच्या मसोबाला विचारलं नाही. कुणी म्हणालं मुहूर्त चुकला. कंत्राटदाराचा मिस्त्री आला, स्टार्टरची कॉइल बदलून गेला. फरक नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा कपाळाचा घाम पुसत त्यानं सांगून टाकलं की लाईन फार लांब झालीय, शेवटच्या नळाचा बोजा मोटरला झेपत नाही. तो तोडा, चालेल.

शेवटचा नळ म्हणजे आपला.

ही गोष्ट गावात कशी पसरली असेल ते तुला सांगायला नको. कुणी उघड वाईट बोललं नाही. गावच्या विहिरीवर तरी कोण काय बोलायचं? आपल्या बाया गेल्या की बाकीचे हंडे नुसते हलकेच बाजूला सरकायचे. म्हणूनच आपल्या वस्तीनं नदीची वाट धरली ना? आताही तसंच सुरू झालं. तुमच्यासाठी वेगळी सोय पुढच्या वर्षी करू, आधी गावाचं तर चालू होऊ दे. सरपंच यशवंतराव वाईट माणूस नाही, पण पाच नळांच्या लोकांनी त्याला घेरलं होतं. त्यानं मला बोलावलं. म्हणाला, तू कंपनीत मोठमोठ्या मोटरी सांभाळतोस, एकदा बघ. मी विचारलं, मला सापडलं नाही तर? तो म्हणाला, “सोमवारपातुर बघ, भीमराज. न्हाई घावलं तर मिस्तरी म्हणतो तसं करावं लागंल.”

माझी तेव्हा सेकंड शिफ्ट होती, म्हणजे दुपारपर्यंत मोकळा. पहिल्या दिवशी मी सगळे जोड तपासले, स्टार्टर उघडून साफ केला. मोटर आणि पंप सोडवून दोन्ही हातानं फिरवून बघितले, लोण्यासारखे फिरत होते. दुसऱ्या दिवशी नदीत उतरून पाइपच्या टोकाची जाळी काढली, तीच, जिला आपल्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात. तिच्यात गोणपाटाचा एक भलामोठा तुकडा अडकलेला निघाला. कस्तुरा, मला इतका आनंद झाला की मी तो ओला तुकडा हातात धरून चावडीपर्यंत गेलो. सगळ्यांना दाखवला. म्हणालो, हा बघा तुमचा मसोबा. लोक हसले, यशवंतरावानं पाठ थोपटली. तिसऱ्या दिवशी लाईट आली, मी सगळ्यांसमोर बटण दाबलं आणि खट्ट. कुणीतरी मागून म्हणालं की कंपनीत हा झाडू मारत असंल. मी घरी आलो आणि न जेवता कामावर गेलो.

कंपनीत आमचे फोरमन उद्धवराव. तुला आठवत असतील, लग्नात स्टीलचा डबा दिला होता ते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, तू दोष शोधत नाहीस, तू उत्तर शोधतोयस, आणि तेसुद्धा लोकांना दाखवायला. आधी काय नाही ते एकेक काढून टाक. मग त्यांनी आपल्या सहीवर कंपनीचं व्होल्टमीटर मला तीन दिवसांसाठी दिलं.

काय नाही ते काढून टाकायचं म्हटलं, तर पहिली गोष्ट आपलाच नळ होती. शनिवारी मी गावाला पंपघरापाशी बोलावलं. आधी टेकाडावर जाऊन वस्तीच्या लाईनचा व्हॉल्व्ह माझ्या हातानं बंद केला. वस्तीतली माणसं बघत होती. भिमाजीकाकांनी मान फिरवली. त्यांना वाटलं, मी हार मानली. लाईट आली, बटण दाबलं, मोटर पडली. मग मी खाली पंपाच्या तोंडावरचाच मोठा व्हॉल्व्ह बंद केला. म्हणजे सहाच्या सहा नळ तुटले, टाकीसुद्धा तुटली, आता मोटरला एक थेंबही वर ढकलायचा नव्हता. तरीही पडली. मी यशवंतरावाला म्हणालो की आता बोजा कुणाचा ते सांगा.  आपल्या नळाचा दोष नाही हे त्याला पटलं, पण मग कुणाचा, ते अजून सापडायचं होतं. आणि सोमवार परवावर आला होता.

एक मात्र मला दिसलं. बटण दाबायच्या आधीच, लाईट आल्याबरोबर, व्होल्टमीटरचा काटा चारशेवर उडी मारायचा आणि लगेच घसरून अडीचशेला यायचा. स्टार्टरमध्ये जी कॉइल असते ती विजेचा जोर असेल तोवरच पट्टी धरून ठेवते. जोर पडला की सोडून देते, मोटर जळू नये म्हणून. म्हणजे आपला स्टार्टर बिघडलेला नव्हताच. तो बिचारा आपलं काम चोख करत होता. पण जोर खाणारं कोण? वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे डीपी, तर नवीकोरी.

रविवारी सकाळी मी घरीच होतो. आई चुलीपाशी होती. नऊच्या सुमाराला लाईट आली. आपला तो एकुलता दिवा लख्ख पेटला आणि दुसऱ्याच क्षणी विडीच्या टोकासारखा लाल झाला. आईनं वर बघितलंही नाही. भाकरी उलटता उलटता म्हणाली, “कस्तुरा म्हनायची, लाईट आली की आदी मोटरी जेवत्यात. उरलं तर दिव्याला.”

मी तसाच उठलो. तू हे म्हणायचीस. रोज म्हणायचीस, आणि दिवा किती खाली गेला त्यावरून सांगायचीस की आज सोनबांच्या शेतावरची मोटर बंद दिसते. मी हसायचो. आयटीआय पास झालेला मी, आणि तू मला वीज शिकवायचीस म्हणून हसायचो.

चपलासुद्धा न घालता मी बांधाबांधानं निघालो. काठाला आपल्याच डीपीवर नऊ मोटरी आहेत. पहिली सोनबांची. पेटी उघडली तर स्टार्टरच्या बटणात बाभळीची काडी खोचून ठेवलेली. पुढची उघडली, तिच्यातही काडी. कुठं काडी, कुठं चिंधीनं बांधलेलं बटण, एका ठिकाणी तर मोडकी कंगवी. नवाच्या नवांत. लाईट कधी येईल याचा नेम नाही, शेतकरी किती वेळ पेटीपाशी बसणार? म्हणून बटण दाबूनच ठेवायचं. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. आणि मोटर चालत असताना जेवढी वीज घेते त्याच्या पाच-सहा पट सुरू होताना ओढते. एका क्षणी नऊ मोटरी एकदम ताटावर बसत होत्या, आणि त्याच क्षणी आपण दहावी लावायला बघत होतो. तास-दीड तासानं विहिरींचं पाणी उपसून झालं की एकेक मोटर बंद व्हायची आणि मग आपल्या मोटरीला जागा मिळायची. मसोबा नाही, मुहूर्त नाही, सहावा नळही नाही.

आणि नऊ मोटरी चालू असतानाही दहावी चालू राहू शकते, फक्त तिनं आधी उठायला हवं, आणि बाकीच्यांनी एकामागून एक. कागदावर मी दोनदा हिशेब करून बघितला. डीपीला भारी पडत होतं, पण झेपत होतं.

दोष सापडला, पण तो यंत्रात नव्हता. यंत्रातला असता तर मी पाना घेऊन दुरुस्त केला असता. हा नऊ घरांत होता. मी सोनबांकडे गेलो, काडी काढायला सांगितली. ते रागावले नाहीत. बांधावर बसून त्यांनी मला त्यांची बाजू सांगितली आणि तीही खोटी नव्हती. “कांदा भरणीला आलाय. लाईट आली आन् मी हितं नसलो, तर पान्याची येक पाळी गेली. येक पाळी चुकली की कांदा गेला, भीमराज. काडी न्हाई निघायची.” बाकी आठ जणांचं उत्तर सोनबांच्या तोंडाकडे बघून ठरणार होतं.

संध्याकाळी शाळेत सभा भरली. शिफ्ट बुडवून मी थांबलो. गोणपाटाची फजिती अजून ताजी होती, तरी उभा राहिलो. फळ्यावर नऊ रेघा आणि दहावी रेघ काढून सांगितलं. बापये आपसात बोलायला लागले. कुणी म्हणालं वेगळा ट्रान्सफॉर्मर मंजूर आहे, तो बसेपर्यंत थांबू. कुणी म्हणालं की शेत आधी, पाणी काय बाया आणतातच. तेव्हा मागून गोजाबाई उठली. सोनबांची बायको, चारचौघांत कधी तोंड न उघडणारी. तिनं पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “कांदा ह्यांचा हाय. पर हंडा माज्या डोईवर हाय. आमच्या पेटीतली काडी मी आत्ताच काढून आलेय.” आणि तिनं ती काडी मास्तरांच्या टेबलावर ठेवली.

 सोनबांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि मग म्हणाले की पेटीपाशी बसणार कोण ते तरी सांगा. गोजाबाई म्हणाली, मी बसेन. तिच्यामागून दुसरी उठली, मग तिसरी.

सोमवारी सकाळी नऊ पेट्यांपाशी नऊ बाया बसल्या होत्या. हातातली कामं तिथंच घेऊन आल्या होत्या, कुणी तूर पाखडत होती, कुणी पोराला पाजत होती. कोंडीरामानं शाळेची घंटा काढून पंपघराच्या दाराला टांगली. यशवंतराव आला, कंत्राटदाराचा मिस्त्री पाइप कापायची करवत घेऊनच आला. पावणेअकराला लाईट आली. काटा चारशेवर गेला आणि तिथंच राहिला. मी बटण दाबलं. मोटर गुरगुरली, मग तिचा आवाज चढत गेला, चढत गेला आणि एका सुरात लागला. मी हात तसाच धरून ठेवला होता, यशवंतराव म्हणाला की सोड आता. सोडला. चालूच. मग कोंडीरामानं एक टोला दिला आणि सोनबांची मोटर लागली. काटा जरासा खाली जाऊन पुन्हा वर आला. दोन मिनिटांनी दुसरा टोला. नवव्या टोल्यानंतरही आपली मोटर त्याच सुरात चालली होती. मिस्त्रीनं करवत पिशवीत घातली.

टाकी भरायला दुपार झाली. नळ सोडले तेव्हा मी वस्तीत नव्हतो, टेकाडावर व्हॉल्व्हपाशी होतो. तिथून आपला नळ दिसतो. पहिल्यांदा नुसती हवा आली असणार, कारण सगळ्या बाया एकदम मागं सरल्या. मग पुढं झाल्या. मी खाली आलो तर आई नळाखाली हात धरून उभी होती. हंडा बाजूला रिकामा. शेजारच्या केसरबाईनं तिला म्हटलं की अगं भर की. आई म्हणाली, थांब जरा. एवढंच. आणि हात तसाच धरून राहिली. माझ्याकडे तिनं बघितलं, आणि मला तिथं उभं राहवलं नाही. मी विहाराच्या मागं जाऊन बसलो.

आता ते लिहितो जे दोन पत्रांत लिहिलं नाही.

दीड वर्षापूर्वीच्या श्रावणात, तुला सातवा लागला होता तेव्हा, तू मला म्हणाली होतीस की शिफ्टला जायच्या आधी सायकलीवरून दोन हंडे तेवढे आणून देत जा, घाट निसरडा झालाय. मी म्हणालो की गडी माणूस नदीवर हंडा घेऊन गेला तर लोक हसतील. तू पुन्हा विचारलं नाहीस. आठव्या दिवशी तू पडलीस. मी ओव्हरटाइमला थांबलो होतो, निरोप संध्याकाळी मिळाला. दवाखान्यात आलो तेव्हा सगळं झालं होतं. मुलगी होती असं त्या नर्सबाईंनी सांगितलं. आणि मी तुझ्या खाटेपाशी उभं राहून म्हणालो, सगळ्याच बाया पाणी आणतात, तूच कशी पडलीस?

तू भिंतीकडे तोंड केलंस. दिवाळीत भाऊबिजेला माहेरी गेलीस आणि आली नाहीस. लोकांनी विचारलं तर मी सांगायचो, तिच्या आईला बरं नाही. आईला मी एकदा म्हणालो की तिला घेऊन येतो, तर ती म्हणाली, कोणत्या तोंडानं? त्यावर मी गप्प बसलो आणि पुढं गप्पच राहिलो.

तू गेल्यावर आईचा गुडघा धरला, आणि घरात पाणी आणायला मीच उरलो. सायकलीला दोन्ही बाजूंनी हंडे बांधून सव्वा वर्ष मी नदीवरून पाणी आणलं. लोक हसले, कस्तुरा. दोन दिवस हसले. तिसऱ्या दिवशी विसरले. दोन दिवसांच्या हसण्याला मी घाबरलो होतो. तो घाट रोज चढताना प्रत्येक खेपेला मला हेच कळत होतं, आणि त्याबद्दल तुझी माफी मागायलाही मला लाज वाटत होती. आज मागतो. ती द्यायची की नाही आणि कधी, हे तुझं. माझं सांगून झालंय.

पण एवढ्यासाठीच पत्र लिहिलं असं नाही. परवा मंगळवारी ग्रामसभा झाली. मोटर सुरू होऊन आठ दिवस झाले होते, पण ती माझ्या आणि कोंडीरामाच्या जिवावर. कोंडीरामाला शाळा आहे आणि पुढच्या आठवड्यात माझी फर्स्ट शिफ्ट लागते. लाईट येईल तेव्हा पंपघरात कायमचं कुणीतरी हवं. आधी पाण्याची मोटर लावणारं, मग घंटा देणारं, आणि घाई करणाऱ्याला थांब म्हणू शकणारं. यशवंतरावानं माझे आभार मानले आणि विचारलं की एवढं तुला सुचलं तरी कसं. पूर्वी मी काय केलं असतं तुला माहीत आहे. या वेळी उभं राहून सांगितलं की मला सुचलं नाही, माझ्या बायकोला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. घरातल्या एका दिव्यावरून. मी ऐकलं नाही.  मग गोजाबाई म्हणाली, “मंग तिलाच बशिवा की बटनापाशी. शिकल्याली हाय, आन् बाया तिचं ऐकतील.” दोन-तीन माणसं कुरकुरली. पण ग्रामसेवक म्हणाले, नियमात सातवी पास एवढंच आहे, बाई की बुवा असं काही लिहिलेलं नाही. यशवंतराव म्हणाला, अर्ज येऊ द्या.

तो अर्ज या पाकिटात घातलाय. दहा मार्चपर्यंत पंचायतीत पोचायला हवा आणि तो तुझ्याच अक्षरात, तुझ्याच सहीनं लागतो. नेमणूक झाली तर पंपघराला लागून एक खोली मिळते, आतून कडी असलेली. खिडकी नदीकडे आहे. मी ती चुन्यानं रंगवली, पण बाकी काही ठेवलेलं नाही, तुला हवं ते तू ठेव. तिथंच राहायचं ठरवलंस तर आईचा आणि माझा काही शब्द असणार नाही. बालवाडी सोडवत नसेल तर अर्ज फाडून टाक, मी समजेन. मोटर शिकायला दोन दिवस पुरे आहेत, आणि तुला मी काय शिकवणार! अर्जात मी काहीही भरलेलं नाही. गावाचं नाव नाही, जन्मतारीख नाही. तिसऱ्या ओळीत ‘पतीचे नाव’ अशी जागा आहे. पेन हातात होतं, तरी तीही कोरीच ठेवली आहे. तिथं काय लिहायचं ते तू ठरव.

भिवाबाबांना आणि तुझ्या आईला जय भीम. आईनं तुला विचारलंय.

तुझाच, तू म्हणशील तोवर,
भीमराज